मागं ठेवलेला गोलकीपर

फेरो बेटं
३ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस,
पुतण्या उत्कर्षचा सा. न. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मासळीच्या कारखान्यातलं काम बरं चाललंय. गावात माणसं कमी, मेंढ्या लई. आणि हसू नका, इथल्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर मी आहे. मैदान समुद्राला इतकं खेटून, की चेंडू होडीनं आणावा लागतो.

पूर्वी एकदा अख्खा संघ पलीकडच्या बेटावर खेळायला गेला आणि परतलाच नाही. तापामुळं घरी राहिलेल्या गोलकीपरनं पोरं जमवून क्लब पुन्हा उभा केला. तेव्हापासून समुद्र ओलांडताना एक खेळाडू मागं ठेवायची रीत आहे. आमचे अध्यक्ष हान्स हे त्याच गोलकीपरचे चिरंजीव.

यंदा मात्र आम्ही मोजून अकरा. एकोणीस तारखेला त्याच बेटावर सामना आहे. गेलो नाही तर क्लबाची मान्यता जाईल. वारा रोज वाढतोय.

लोभ ठेवा, रागावलात तरी चालेल.
उत्कर्ष

येरमाळा
९ ऑक्टोबर २०२४

चि. उत्कर्ष यास तात्याचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या शिवकन्येनं तुझ्या पत्राचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. इकडं सोयाबीनची रास झाली. येडेश्वरीला जाऊन आलो. तुझी आई पत्रात काय हाय म्हणून सारखी विचारती. म्या मेंढ्यांचंच सांगितलं.

समुद्र म्या पाहिला न्हाय, पण रीत कशापायी पडती ते कळतं. त्या लोकांनी पोरं घालवून ती शिकली. मान्यता गेली तर जाऊ दे. तू होडीत बसायचं न्हाय. तुझ्या वडलांच्या माघारी तुला वाढवलंय, एवढा हक्क माझा.

जिवाला जप.
तुझा तात्या

फेरो बेटं
२७ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस सा. न.

तुमचा शब्द हान्सना सांगितला. चुलत्याचं ऐकावं, म्हणाले. मग गोलात कोण, असं विचारलं, तर त्यांनी स्वतःचे जुने हातमोजे काढले. साठी उलटलेला माणूस. धक्क्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच बोलले, "आज मागं तू राहायचं."

सामना आम्ही हरलो. हान्सनी एक पेनल्टी अडवली म्हणे, होडीत सगळे त्याचंच बोलत होते. येताना मोठी लाट आली. होडी धक्क्याला लागली तेव्हा आत दहा जण होते. हान्स अजून सापडले नाहीत.

कुणी मला बोल लावत नाही. त्यांच्या बायकोनं जेवायला बोलावलं. काल सगळ्यांनी क्लबाची किल्ली माझ्या हातात दिली. मागं राहिलेल्यानं क्लब चालवायचा, असं इथं मानतात. नाही म्हणवलं नाही. दिवाळीला येणं होणार नाही, आईला तुम्हीच सांगा.

दोन नवी पोरं आलीत. मार्चमधला पहिलाच सामना पुन्हा त्या बेटावर आहे. कुणाला न्यायचं आणि कुणाला मागं ठेवायचं, हे आता मला ठरवायचंय.

आशीर्वाद असू द्यावा.
उत्कर्ष