परागची नोकरी आणि तुमची हातोडी

झाशी, २१ ऑगस्ट

तीर्थस्वरूप गोपाळराव यांस,

श्यामसुंदरचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण दोन महिने झाले, उजवा गुडघा दुमडत नाही, आणि जे अंगानं जमत नाही ते कागदावर तरी कशाला करावं. उभ्यानं केला आहे असं समजून घ्यावा. आपली शुगर कशी आहे? कांचनताईंचा खांदा आता वर जातो का? शशिकला म्हणते की ताईला गार पाण्यात हात घालू देऊ नका, पण भावजी तिला धुणं भिजवायला लावतच असतील. (हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही. आपण साडू आहोत, आपल्यात हे विषय नकोत.) यापुढे इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. ते लिहीत नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं वाटेल. कारण या घरात हल्ली मोठ्यानं जे बोललं जातं ते महिन्याभरात नातवाच्या गाण्यात येतं. मागे शशिकला दूधवाल्याला 'भैया, आज फिर पानी?' म्हणाली, ते चार शब्द आता पार गरौठ्यापर्यंत पोरं मोबाइलवर ऐकतात. दूधवाल्यानंही ऐकले. तेव्हापासून तो पातेलं फाटकावर ठेवतो आणि न बोलता जातो. (दूध मात्र घट्ट झालं आहे, हे कबूल केलं पाहिजे.) म्हणून मी आता घरात महत्त्वाचं काही बोलत नाही. लिहितो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चष्मा लावून वाचावं.

मुद्दा आमच्या नातवाच्या, परागच्या, नोकरीचा. मे महिन्यात मी तुमच्यापाशी फोनवर जे बोललो (रडलो म्हटलं तरी चालेल), ते मनात ठेवून तुम्ही तिकडे भुसावळला रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे त्याच्यासाठी सुपरवायझरची जागा धरून ठेवलीत. एक सप्टेंबरला हजर व्हायचं आहे. त्याच्या बापानं, जयदीपनं, एकतीस तारखेचं तिकीटही काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाला की बाबा, तो तुमचा लाडका आहे, तुम्हीच बोला. मी परागला विचारलं. तो म्हणाला, आजोबा सांगतील तसं. म्हणजे बापानं माझ्यावर टाकलं, लेकानंही माझ्यावर टाकलं, आणि सव्वीस वर्षांच्या माणसाच्या आयुष्याचं काय करायचं ते माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं. 'जा' म्हणावं तर वाटतं, पोराचं मन माझ्यावरून कायमचं उडेल. 'राहा' म्हणावं तर वाटतं, मी डोळे मिटल्यावर याला खायला कोण घालणार?

तो नेमकं करतो काय, हे तुम्ही विचारलं होतं. मला समजलं तेवढं लिहितो. रॅप म्हणून प्रकार आहे. त्यात गात नाहीत, यमक जुळवून भरभर बोलतात, आणि बोलताना हात असे हलवतात की यार्डातल्या ड्रायव्हरनं पाहिलं तर गाडी मागे घेईल. त्या बोलण्याखाली जो ठेका वाजतो तो बनवणाऱ्याला प्रोड्यूसर म्हणतात. पराग दोन्ही करतो. एरचची, गरौठ्याची पोरं मोटरसायकलवर येतात, मागच्या खोलीत त्याच्याबरोबर दोन तास कोंडून घेतात, घामानं निथळत बाहेर येतात, माझ्या पाया पडतात आणि जातात. पाया पडतात, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नाही. ठेक्यासाठी लागणारे आवाज तो गावभर फिरून गोळा करतो. माणिक चौकात कचोरी तळतानाचा आवाज घेऊन आला. बेतवा नदीच्या पाण्याचा आवाज घ्यायला एरचला गेला आणि ताप घेऊन आला. या धंद्यात त्यानं नाव घेतलं आहे 'लाल सिग्नल'. तीन पिढ्या रेल्वेची भाकरी खाल्लेल्या घरात कुणी आपणहून हे नाव घेईल का? हिरवा म्हणायला काय हरकत होती, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, 'आजोबा, हरे पे कोई रुकता नहीं.'

मागची खोली तुमच्या ओळखीची आहे, लोणच्याच्या बरण्यांची. तिच्या भिंतींना त्यानं अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आहेत, खालपासून छतापर्यंत. आवाज बाहेर जात नाही म्हणे. आवाज जातोच, पण ट्रे हातगाडीवरून आले तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. आपल्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलं नाही, आणि एका सकाळी दोनशे ट्रे शिरले. गणपती मंदिरात आमच्या मंडळाच्या बायकांनी शशिकलेला आडून विचारलं की डॉक्टरांनी सांगितलंय का. तिनं ट्रे रिकामे होते असं सांगितलं. त्यावर एकजण म्हणाली, हो, नंतर रिकामेच होतात.

असो. तर 'आजोबा सांगतील तसं' म्हणताना परागनं एक अट घातली होती. एकदा खोलीत येऊन एक गाणं पूर्ण ऐकायचं, मग काय ते सांगायचं. मी गेलो. त्यानं माझ्या कानांवर हेडफोनचे ते दोन वाडगे चढवले आणि सुरू केलं. मी चेहरा कठोर ठेवून बसलो होतो. पण मध्येच लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा एक आवाज येत होता, आणि तो बद्द होता, गोपाळराव. तुम्हाला सांगायला नको. चौतीस वर्षं आपण दोघं फलाटाच्या खाली उतरून लांब दांड्याच्या हातोडीनं चाकं ठोकत गेलो. चांगलं चाक घंटेसारखं गुणगुणत राहतं, तडा गेलेलं बद्द वाजतं आणि गप्प बसतं. माझ्या तोंडून निघून गेलं की हे चाक मी पुढे जाऊ दिलं नसतं. परागनं गाणं बंद केलं. म्हणाला, हा आवाज इंटरनेटवरून घेतलाय, अमेरिकेचा आहे. मी म्हटलं, मग तिकडे एखादी गाडी घसरणार आहे, कळवून टाक.

तिथं मी उठून यायला हवं होतं. नोकरीचं बोलायला गेलो होतो, तेच राहिलं. त्याऐवजी मी त्याला चांगलं लोखंड कसं वाजतं ते दाखवायला लागलो. खिडकीचे गज ठोकले, तवा ठोकला, शिडी ठोकली. सगळं बद्द. शेवटी आठवलं की घरामागच्या शाळेत कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा घंटा म्हणून टांगलेला आहे. माझी हातोडी मी रिटायर होताना नियमाप्रमाणे स्टोअरात जमा केली होती, म्हणून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला. सकाळचे अकरा वाजले होते. शिपाई माझ्या ओळखीचा, पण तो जागेवर नव्हता. पराग आवाज टिपायचं मशीन हातात धरून झाडाखाली उभा राहिला आणि मी एक ठोका दिला.

काय वाजलं म्हणून सांगू. जुना रूळ आहे, कधीचा कोण जाणे. हवेत तो आवाज किती वेळ तसाच उभा राहिला. परागचे डोळे मिटले होते. आता एकावर थांबायचं होतं, पण हात थांबेना. तुम्ही जाणता, एका डब्याची आठही चाकं झाल्याशिवाय आपला हात खाली येत नसे. मी आठ ठोके पुरे केले. शाळा सुटायचे ठोके किती असतात ते मला ठाऊक नव्हतं. मुलांनीही मोजले नाहीत. पहिली ते आठवी एकदम बाहेर पडली. चौथीची चाचणी चालू होती, ते पेपर तिथंच टाकून पळाले. पाच मिनिटांत मैदान मोकळं झालं आणि आम्ही दोघं झाडाखाली बत्ता घेऊन उभे.

मुख्याध्यापिका क्षमाजी दुपारी घरी आल्या. बाई मोठ्यानं बोलत नाहीत, त्याचंच भय वाटतं. चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, 'बाबूजी, घंटी बजाने का इतना ही शौक था तो चार बजे आ जाते.' मी माफी मागितली. परागनंही मागितली आणि त्याच तोंडानं तो आवाज गाण्यात वापरायची परवानगी मागितली. (पोरांचा ओरडाही त्यात आला होता, तोही हवा होता.) त्यांनी परवानगी दिली. शिक्षा म्हणून पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर परागनं ते गाणं सगळ्या शाळेसमोर म्हणायचं, शिवी एकही नको, आणि मी पहिल्या रांगेत बसायचं, असं ठरलं.

बसलो. धुतलेलं धोतर नेसून बसलो. पराग हातात माईक घेऊन उभा राहिला, मागून तो रूळ वाजला, आणि सगळी शाळा आपोआप उठून उभी राहिली. सवय. क्षमाजींनी त्यांना खाली बसवलं. मग तो बुंदेलीत बोलायला लागला. घाईघाईचं बोलणं, मला निम्मं कळलं नाही. एका माणसाबद्दल होतं, जो गाडी आली की खाली उतरतो, वाकून चाकं ठोकतो, आणि गाडी गेली की पुढच्या गाडीची वाट बघतो. त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती:

'चौंतीस बरस चका ठोके, गाड़ी में बैठे नईं.'

हे खरं नाही. तुमच्याकडच्या मुंजीला मी भुसावळला आलो होतो, सहकुटुंब, तुम्ही स्टेशनवर घ्यायला आला होता. पण माईकवर बोलणाऱ्याला मध्येच कसं अडवणार? पोरं तिसऱ्यांदा ती ओळ त्याच्याबरोबर म्हणायला लागली. पराग माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम दुसरीकडे बघत होता. शेजारी क्षमाजींनी मला रुमाल दिला. मला रुमालाची गरज नव्हती, ऊन डोळ्यांवर येत होतं. आणि त्या सगळ्यात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की बत्त्यामुळे आवाज थोडा पातळ पडतोय.

त्यानंतर आज सहा दिवस झाले. 'जा' असं सांगायचं मी पक्कं केलं आहे. कारण टाळ्यांवर कुणाचा संसार होत नाही, आणि ठेकेदाराकडे प्रॉव्हिडंट फंड कापतात असं तुम्ही म्हणाला होता. रोज चहा झाला की त्याच्या दारापर्यंत जातो, आत रूळ वाजत असतो, परत येतो. तेव्हा आपण वडीलधारे आहात, आपणच त्याला दोन कडक शब्दांचं पत्र टाकावं. मी वर 'आजोबांची संमती आहे' असं लिहून देईन.

तब्येतीस जपावं. कांचनताईंना थंड पाण्यात हात घालू देऊ नये.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. तुम्ही रिटायर होऊन भुसावळला जाताना इथल्या स्टोअरात जी हातोडी जमा केली, ती माणिक चौकातून आदल्या दिवशी विकत आणलेली होती. मी शेजारी उभा होतो. एकोणीस वर्षांत कुणाला, शशिकलेलासुद्धा, बोललो नाही. खरी हातोडी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आहे आणि कांचनताई तिनं नारळ फोडतात. रूळ वाजवायला ती हवी आहे. आता नारळ फोडू नयेत. दांडा बदलला असल्यास कळवावं, नसल्यास बदलू नये.

दुसरं ता. क. कडक शब्दांचं पत्र टाकू नये. एकतीसच्या तिकिटावर पराग येतोच आहे, हातोडी घ्यायला. सोबत मीही येतो. जयदीपला माझंही तिकीट काढायला सांगितलं, खिडकीचं. सगळी शाळा समजते की मी कधी गाडीत बसलो नाही. पोरांसमोर उगाच खोटं नको.

तिसरं ता. क. ठेकेदाराला पराग हजर होत नाही असं कळवावं. कारण विचारलं तर सांगावं, आजोबांनी ठोकून पाहिलं, बद्द वाजत नाही. तरी ती जागा दिवाळीपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नये, एवढं मात्र जमल्यास बघावं.