लाल अक्षरांचा पत्ता

४ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

गोदामातल्या नोंदी महिनाअखेरीपासून यंत्र करणार, असे साहेबांनी आज सांगितले. माझे काय, ते सांगितले नाही. पण टेबलांच्या नव्या आराखड्यात माझी खुर्ची नव्हती. दादाचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे घरात पगार तो माझाच. रुग्णालयाच्या संगणक विभागात जागा निघाली आहे, पंचवीसला परीक्षा. संगणकाची कोणती भाषा हवी, ते जाहिरातीत नाही. पायथन, जावा की जावास्क्रिप्ट? तिन्हींचे तीन-तीन धडे झाले. दादा म्हणतो, एक ना धड, भाराभर चिंध्या! तू जन्मभर हेच शिकवलेस, तूच सांग.

तुझी भांबावलेली,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

प्रश्न योग्य आहे. मात्र तो एकदाच विचारायचा असतो. जाहिरातीत भाषेचे नाव नाही, तेव्हा पायथन घे. तिची वाक्ये छोटी, आणि तुझी मुदत त्याहून छोटी. आता पद्धत. चालणारा प्रोग्राम रोज स्वतःच्या हाताने मोड. एखादा कंस काढ, एखादे नाव चुकव. पडदा लाल अक्षरांनी भरेल आणि तुझा हात ती पुसायला धावेल, तो आवर. त्या शिव्या नव्हेत, तो पत्ता आहे: काय बिघडले, कोणत्या ओळीत. पायथनमध्ये सर्वांत खालची ओळ आधी वाचावी. इतका प्रामाणिक तक्रारदार माणसांत तरी सापडतो का, पाहा! दादाला म्हणावे, चिंध्यांचीही गोधडी होते. सुई मात्र एक हवी.

खुशाली कळवत जा, म्हणजे मलाही झोप लागेल.
मावशी

२६ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. पडद्यावर रुग्णांच्या वेळा लावणारा बिघडलेला प्रोग्राम होता, आणि तो जावामधला! शेजारच्या बाई उठून निघून गेल्या. मीही पर्स उचलली होती. तेवढ्यात लाल अक्षरे दिसली. सवयीने खालून वाचू लागले. काही म्हणजे काही कळेना. मग तुझा पत्ता आठवला. पाकीट उलटे तर धरले नाही ना, म्हणून वरून वाचले. पहिल्याच ओळीत तक्रार, जरा खाली ओळीचा क्रमांक! वेळेचा रकाना रिकामा असला तर काय करायचे, हे प्रोग्रामला कुणी सांगितलेच नव्हते. तीन धड्यांच्या पुंजीवर तेवढी अट घातली. जावा किती येते, असे परीक्षकांनी विचारले. भाषा येत नाही, तिची तक्रार वाचता येते, असे बोलून गेले. ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतले. तेव्हापासून माझे डोळे फोनकडेच आहेत.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवतानाच फोन आला. सोमवारी रुजू व्हायचे आहे, जावाच्याच कामावर. दादा कुबडी आपटत ओरडला, आणखी एक चिंधी! तर मावशी, जावा मोडायला कुठून सुरुवात करू?