आठ बाटल्यांच्या काढ्याबद्दल खुलासा

तारापूर,
२८ डिसेंबर १९६७

ती. मामांच्या पायांवर नागोरावचा दंडवत. इकडे मी खुशाल आहे, तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि तांबडी म्हैस (ती लाथ मारायची थांबली का?) यांची खुशाली कळवावी. पत्राला उशीर झाला त्याची क्षमा असावी. आज मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्या गावचा मारुती, जो इथे फिटर आहे, त्याने मी तारापुरात दारू गाळतो असे घरी लिहिल्याचे समजले. ते उषाच्या वडिलांपर्यंत गेले, आणि ते पडले तालुक्याच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. सोयरीक मोडायला निघाले आहेत असे मामींनी कळवले. उषाला मी एकदाच पाहिले आहे (पोह्यांची बशी तिने नीट धरली होती, सांडली मी), पण मोडू नये असे मनापासून वाटते. म्हणून जे घडले तसेच लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे की इथे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू आहे आणि परदेशी इंजिनियरांच्या एका अतिथिगृहावर मी केअरटेकर आहे. तिथल्या हॅरिस साहेबांच्या मॅडमनी नाताळासाठी वीस पाहुणे बोलावले. त्यांच्या देशात या दिवसांत बर्फ पडतो, तेव्हा हे लोक एक गरम पेय घेतात. इथे बर्फ नाही. चोवीस तारखेला दुपारी मी नुसत्या बंडीत बसलो होतो तरी घाम येत होता. पण मॅडमनी खिडक्यांना कापूस चिकटवून बर्फ केला होता, त्यामुळे पेयही करणे भाग होते. परमिटवर मुंबईहून आलेल्या पोर्ट नावाच्या द्राक्षांच्या दारूच्या (लाल, गोड, दाट, वर आणखी ब्रँडी घातलेली, हे मी ऐकून लिहितो) आठ बाटल्या त्यांनी मला दिल्या. नववी स्वतःसाठी म्हणून फळीवर कोपऱ्यात ठेवली. एक कागद दिला आणि पाहुण्यांना आणायला मोटारीने बोईसर स्टेशनवर गेल्या.

मामा, तो कागद वाचून माझे डोळे भरून आले. दालचिनी, लवंगा, जायफळ, सुंठ, संत्र्याची साल, साखर, आणि शेवटी, सगळे एकत्र गरम करावे. हा तर आपला काढा. किती वेळ गरम करावे ते लिहिले नव्हते, पण तुमच्या हाताखाली सहा वर्षे पळी फिरवलेल्या माणसाला ते लिहून द्यावे लागत नाही. आठाचा एक होईपर्यंत पातेल्यापासून उठायचे नाही, हे तुम्ही मला पळीच्याच दांड्याने शिकवले आहे. मी आठही बाटल्या मोठ्या पातेल्यात ओतल्या, चूल पेटवली आणि बसलो. (सर्दी असल्याने नाकात कापूस घातला होता. खिडकीवरचाच थोडा काढून घेतला. माझी शुद्ध शेवटपर्यंत राहिली ती त्यामुळे.)

आता आठाचा एक व्हायचा म्हणजे सात भाग वाफेने जायचे, आणि ते कुठे जातात याचा विचार आपण वैद्य लोक कधी करत नाही. ते पहिल्यांदा काशीबाईकडे गेले. काशीबाई नवापूरची, आमच्याकडे रोज मासळी घालते. स्वयंपाकघराच्या दाराशी पापलेटे साफ करत बसली होती. एरवी फार करारी बाई. तासाभराने ती मला म्हणाली, "अवं नागोराव, ही पापलेटं माज्याकडं बघून हसतात. तुमी सांगा त्यांना, कितीबी हसा, भाव उतरणार नाय." मी पातेल्यापासून उठू शकत नव्हतो, म्हणून बसल्या जागेवरून पापलेटांना तसे सांगितले. त्यानंतर तिने पापलेटे ठेवली आणि रिकाम्या बाटल्या घेतल्या, व खवले समजून त्यांची लेबले सुरीने खरवडून काढली. काम इतके स्वच्छ की एकीवर कागदाचा कपटा राहिला नाही. मी पळी फिरवत राहिलो. तिच्या हातात सुरी होती.

पुढचा भाग वाऱ्याने फाटकाकडे गेला. फाटकावर शिरगावचा धर्माजी पहारेकरी असतो. त्याने एका गायीला सलाम ठोकून आत घेतले आणि वहीत रीतसर नोंद केली. नाव, गाय. कोणाला भेटायचे, मॅडम. कामाचे स्वरूप, खाजगी. (वही मी पाहिली आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आहे.) मागाहून मी विचारले, तर म्हणाला, "पास हाय तिच्याकडं, मी बघितला." आणि याच वेळेस तो मारुती माझ्याकडे पान-सुपारीला आला. त्याने खिडकीतून पाहिले ते असे : मी पातेले ढवळतो आहे, शेजारी बाटल्या पडल्या आहेत, काशीबाई पापलेटांना गाणे म्हणून दाखवते आहे आणि दारात गाय उभी आहे. तो आत न येता परत गेला आणि पोस्टात जाऊन कार्ड लिहिले. त्याच्या जागी मीही लिहिले असते.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी झाकण काढले, तर तळाशी एका बाटलीचा काढा, काळाभोर, पळीला चिकटणारा. "नागो, बाकी किधर है?" मी छताकडे बोट दाखवले. वीस पाहुणे हातात पेले धरून उभे होते. मग मला सुचले ते केले. सगळ्यांना रांगेत उभे केले, प्रत्येकाला आ करायला लावून एक चमचा काढा दिला, वर मधाचे बोट, आणि पथ्य सांगितले : वांगे नाही, आंबट नाही, दिवसा झोप नाही. एक साहेब ते टिपून घेत होते. बराच वेळ सगळ्यांचे दात एकमेकांना चिकटून राहिले. पण हॅरिस साहेबांचा दिवाळीपासूनचा खोकला त्या रात्री थांबला, तो आजपर्यंत आलेला नाही.

तात्पर्य, मामा, दारू होती ती वाफेने गेली. उरला तो निर्मळ काढा. याचा पुरावा म्हणून उरलेला काढा त्याच रात्री एका रिकाम्या बाटलीत भरून, बूच मारून फळीवर ठेवला होता, तो आज सकाळच्या गाडीने मारुतीबरोबरच पाठवला आहे. (त्याला पश्चात्ताप झाला आहे.) एक तारखेच्या मंडळाच्या सभेत त्याने ती बाटली थेट उषाच्या वडिलांच्या हाती द्यायची आहे. त्यांनी एका चमच्यावर भागवू नये. सर्वांदेखत चांगली वाटीभर घ्यावी, इतर सभासदांनाही द्यावी, आणि मग व्यासपीठावर उभे राहून भाषण करून दाखवावे. म्हणजे माझ्याबद्दल कोणाच्या मनात शंका राहणार नाही.

मामींना नमस्कार. म्हशीपासून जपून राहावे.

तुमचा भाचा,
नागोराव

ता. क. सोयरीक राहिली तर मुहूर्त फाल्गुनातला बघावा. मला रजा तेव्हाच मिळते.

ता. क. आत्ता दुपारी मॅडमनी फळीवरची आपली नववी बाटली पाहुण्यांपुढे उघडली. पेल्यात काही पडेना. बाटली उलटी करून बुडावर थाप मारली, तेव्हा काळेभोर, पळीला चिकटणारे असे काहीतरी हळूहळू बाहेर आले. काशीबाईने त्या दिवशी नववीचेही लेबल काढलेले दिसते. म्हणजे मारुतीबरोबर कोणती बाटली गेली, हे तुमच्या ध्यानात आले असेल. पत्र नव्याने लिहायला वेळ नाही, टपाल चारला निघते. हे पोचताच कृपा करून सभेकडे धावत जावे आणि बाटली ताब्यात घ्यावी.

ता. क. वाटी घेऊन झाली असल्यास धावू नये. भाषण मध्येच थांबवू नये. ते रंगात आले की सोयरिकीचा होकार कागदावर सहीनिशी घ्यावा, आणि खाली मंडळाच्या सर्व सभासदांच्या साक्षी घ्याव्यात.