समोरासमोर

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादास,

बारकीचा नमस्कार. मी मजेत आहे. खोली छोटी, पण उजेडाची आहे. वहिनीला सांग, तिची शाल रोज अंगावर असते, इथली हवा गार आहे.

इकडच्या शाखेत पाठवताना मालक म्हणाले होते, "तुझ्या दादाची शिस्त त्या आळशांना शिकव." येऊन बघते तर शर्ट शिवायच्या मशिनी समोरासमोर, आणि बायकांच्या गप्पांना नुसता ऊत. मी लगेच तुझ्यासारख्या रांगा लावल्या, एकीमागे एक. गप्पा बंद. मला वाटलं, गड जिंकला.

कसलं काय. आठवड्यात उसवायच्या शर्टांचा ढीग लागला. कॉलरवाल्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "आधी माझी कॉलर वाकडी गेली की समोर ती शर्टाला जोडणारी लगेच परत भिरकावायची, वर दोन शब्द ऐकवायची. आता मला दिसते ती तिची पाठ. पाठ काय बोलणार, बाई?"

दुसऱ्याच दिवशी मशिनी फिरवल्या. आता त्या गप्पांत मीही असते. इथे तुमच्यापेक्षा लवकर सुटी होते आणि तरी माल जास्त निघतो, कारण उसवायला फारसं काही उरतच नाही. तुझ्याकडे उसवणाऱ्यांचं वेगळं टेबल आहे, आणि आपल्याला त्याचं कौतुकच होतं.

वहिनीचा गुडघा कसा आहे? बघ, मी पुन्हा विषय टाळतेय. दादा, तुझी शाखा बंद करायचं मालकांच्या मनात आहे. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माणसं चोख आहेत, त्यांचं बसणं चुकलंय. त्यावर त्यांनी महिनाभर थांबायचं कबूल केलंय. तुझ्या रांगांतच मी शिवायला शिकले, त्या मोडायला सांगताना जिवावर येतं. पण तुझी माणसं घरी बसलेली मला बघवणार नाहीत. उद्याच मशिनी फिरव. चिडलास तरी फिरव.

आणि मी परत येत नाहीये. इथलं सगळं मालकांनी माझ्याकडे सोपवलंय, मी हो म्हटलंय. खरंच सुखात आहे रे.

तू रागावशील, ठाऊक आहे. पण फोनवर नको. इकडे ये आणि समोर बसून काय ते बोल. खुर्ची मांडून ठेवलीय.

तुझ्याच हाताखाली घडलेली,
बारकी