नाव झाकलेले दोन कागद

प्रिय आई,

शिकागोत थंडी आहे, पण मी वेळेवर जेवते. तू जेवतेस ना?

बाबा गेल्यावर तू म्हणालीस, "दुःखाच्या भरात होड्यांच्या कारखान्यात परत येऊ नकोस." म्हणून मी वर्गातली रीत वापरली: कंपनीचं नाव झाकून नुसतं काम वाचायचं. इथे मिळत असलेल्या बँकेतल्या नोकरीतला एक दिवस आणि आपल्या कारखान्यातला एक दिवस, असे दोन कागद लिहिले आणि वर्गमित्र ड्वेनला दिले.

तो म्हणाला, "अगं, पहिला वाचताना मला डुलकी लागली. दुसऱ्याला मात्र तुला पान पुरलं नाही!"

बाबांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा कारखान्यात परत यायचा हा निर्णय दुःखाचा नाही, निदान सगळा नाही. मेमध्ये परीक्षा संपली की येते.

बाबांचे कामाचे हातमोजे कुणाला देऊ नकोस.

तुझी,
इंग्रिड