सतरा नंबरचा घेवडा

मी, वय वर्षे एकाहत्तर, वनस्पती संशोधन संस्थेच्या बीजकोठीची निवृत्त प्रमुख, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात गुडघ्यांबद्दल जे लिहिले आहे त्याचा या कागदाशी संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; तसे धाडस आजवर फारसे कोणी केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या भाच्याला द्यावे. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आम्ही दोघी अकरा वर्षे एकमेकींशी बोललेलो नाही. तेवढा काळ "मावशी, आई विचारते, गोळ्या घेतेस का" आणि "आई, मावशी म्हणते, तुला काय करायचंय" ही ने-आण त्याने एकही शब्द न गाळता केली. त्याने गच्चीवरच्या कुंड्या हलवू नयेत.

२. बँकेत जे उरेल ते बीजकोठीच्या थंड खोलीला. वीज गेली की तिथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जनरेटर घ्यावा.

३. चिमटे, चाळण्या व भिंग माझ्या जागी आलेल्या मुलीला. मी परसापरसांतून हिंडून जमवलेले घेवड्याचे एकेचाळीस वाणही यापुढे तिने सांभाळावेत. दाणे वरून सारखे दिसले तरी आत प्रत्येकाचे काहीतरी वेगळे असते. उद्या एखादा रोग आला तर त्यातला कोणीतरी तग धरेल, एवढ्यासाठी हा खटाटोप. दर पाच वर्षांनी पेरून नवे बी धरावे. "बघते, करते" ही तिची सवय आहे. बी थांबत नाही.

४. निवृत्तीच्या दिवशी संचालकांनी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते सात मिनिटे पुढे असते.

५. माझे वाण प्रत्यक्षात चाळीसच आहेत.

आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर माझे लक्ष नव्हते. सतरा नंबरच्या डब्याला कीड लागली आणि एकही दाणा धड राहिला नाही. तेवीस नंबरही तसाच तपकिरी ठिपक्यांचा. त्यातले ओंजळभर दाणे मी सतराच्या डब्यात ओतले आणि ज्या म्हाताऱ्याने सतराचे बी दिले होते त्याच्याकडे पुन्हा गेले. त्याच्या परसात गाड्या धुण्याचे दुकान उभे होते. बी मिळाले नाही, आणि डब्यावरची चिठ्ठी मी बदलली नाही.

६. धाकटी तेव्हा आमच्याच संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, पेशींना चमकणारे रंग लावण्याचे काम करी. तिचा रंग गुणसूत्रांवर ठरावीक जागी चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढे ठिपके उजळतात. माझे घेवडे तपासताना सतरा आणि तेवीस दोघांनाही चार-चार ठिपके निघाले. कीड लागण्याआधीच्या तिच्या जुन्या स्लाइडवर मात्र सतराला सहा होते. ती आधी माझ्याकडे आली. "ताई, तुझ्या सतरात काहीतरी घोळ झालाय. मीटिंगच्या आधी तूच बघून घे ना."

मी बघून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पेटीतून ती जुनी स्लाइड काढून घेतली.

मीटिंगमध्ये धाकटीने सतराचा घोळ सांगितला, स्लाइड आणायला वर गेली आणि रिकाम्या हाताने खाली आली. संचालक म्हणाले, "पुरावा नसताना मोठ्या बहिणीबद्दल असं बोलू नये." मी मान डोलावली. महिन्याभरात तिने दुसऱ्या संस्थेत नोकरी धरली. तिने मला न सांगता चारचौघांत खाली पाहायला लावले, असे मी अकरा वर्षे सगळ्यांना सांगत आले. ते खोटे आहे. मला त्याची लाज वाटते.

ती स्लाइड काळ्या कागदात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये, भाज्यांच्या मागे ठेवली आहे. सतरा नंबरचे जगात एवढेच उरले आहे. हा रंग उजेडात जितका पाहावा तितका विझत जातो, म्हणून मी ती एकदाही पाहिलेली नाही. त्यावर आता काही शिल्लक आहे का, हे मला माहीत नाही. माझ्यामागे ती धाकटीला द्यावी व कलम ५ आणि ६ ची प्रत संस्थेला पाठवावी.

हस्ताक्षरातील भर: वरील मजकूर भाच्याला टाइप करायला दिला होता. त्याने तो एकही शब्द न गाळता आईला वाचून दाखवला. मी त्यासाठीच त्याला दिला, असा धाकटीचा आरोप आहे. तो मी नाकारत नाही.

काल ती आली. दारातच म्हणाली, "मेल्यावर देणार होतीस? मग मी भांडायचं कोणाशी?" त्यानंतर ती दोन तास भांडली. तिचे सगळे म्हणणे बरोबर होते.

आज सकाळी तिच्या संस्थेत आम्ही दोघींनी स्लाइड पाहिली. ठिपके फिकट होते, पण सहा होते. मी पुन्हा मोजायला लागले तर तिने दिवा बंद केला. "पुरे, ताई. थोडं राहू दे."

सबब कलम ६ मधील देणे रद्द. वस्तू हयातीतच दिली. प्रत संस्थेला पाठवली. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. धाकटीला आता काहीही मिळत नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. तारीख: ३ सप्टेंबर.

सही: थोरली

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे शिंपी. घाईत होते.

साक्षीदार २: धाकटी. सही करण्याआधी तिने कलम ३ मधले एकेचाळीस खोडून चाळीस केले.