पंधरा सेकंदांची माया

४ मार्च
पुन्हा तेच! एडिटर ल्यूबेनच्या एक्स्पोर्टमध्ये माया शून्य. खाणीतल्या अपघातावरचा दीड तासाचा माहितीपट, आवाजाचे सहाशेवर तुकडे, आणि एकूण एक तुकडा अगदी कडेला कापलेला. त्याच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून माझ्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये येताना प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा जादा आवाज सोडायचा असतो — शिंपी शिवणीत माया सोडतो तसा. नाहीतर मी जोडू कशाला काय? श्वास अर्धा तुटतो, जोडावर टक् वाजतं. एका चौकटीत एक आकडा टाकायचा, बस्स. तेवढंही होत नाही!

फोन केला. "माया कशाला हवी? गोधड्या शिवतेस का?" वर हसला. मेला.

५ मार्च
दुसरी फाईल. माया शून्यच. ट्रॅकची नावं तर बघा — 'आवाज', 'आवाज नवा', 'आवाज नवा खरा'. सुरुवातीचा टोलाही नाही. चित्र आणि आवाज जुळवू कशावर, ह्याच्या टकलावर?

७ मार्च
बाबांना जाऊन आज वीस वर्षं. आईने दरवर्षीसारखं नवं स्मृतिपत्रक छापून व्रानेत्स गावातल्या घराच्या दारावर चिकटवलं — बाबांचा फोटो, 'असेन' हे नाव, तारीख. फोनवर रडली. "तुझ्या सिनेमात त्यांचं नाव येतंय ना गं?"

येणारच. खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पाळणा कोसळला तेव्हा तो चालवायच्या यंत्रावर बाबा होते. मग स्वतः खाली उतरून चौघांना वर काढलं. आई हे सांगत आली, मी ऐकत वाढले. स्टुडिओत सगळ्यांना मीही सांगून झालंय. म्हणून तर हे काम मागून घेतलं.

आणि ते असल्या माणसाच्या हाती!

८ मार्च
महिला दिन. ल्यूबेनने माझ्या टेबलावर ट्यूलिप ठेवला. कचऱ्यात टाकला.

१० मार्च
कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर जुंपली. म्हटलं, "खाणीतल्या गेंचोकाकांची मुलाखत — 'आम्ही वाट बघत राहिलो' — 'राहिलो' तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत कापलायस! मला पुढचे पंधरा सेकंद दे."

"मशीन अडतं."

"खोटारड्या!"

"आहे तेवढ्यात भागव, यानिता. एकदा माझं ऐक."

आवाज एकदम खाली आला होता. टरकला, दुसरं काय. मला फार बरं वाटलं.

११ मार्च
दिग्दर्शिका देनित्साला सगळं लिहून पाठवलं. फाईलींचे फोटो, तारखा, काही सोडलं नाही. शेवटी लिहिलं — एक तर तो, नाहीतर मी.

दुपारी तिचा फोन. "काढलं त्याला. श्रेयनामावलीतूनही. आता तरी डोकं शांत ठेव, बाई."

"काही बोलला का?"

"नाही. बॅग उचलली आणि गेला."

कोपऱ्यावरून चीज भरलेली गरम बानित्सा आणून अख्खी खाल्ली. वर आयरनचं ताक. आईला कळवलं — आता तुझ्या असेनचा सिनेमा नीट होईल.

१२ मार्च
देनित्साने स्वतः बसून एक्स्पोर्ट केला. पंधरा सेकंद माया, दोन्हीकडे! ट्रॅकना नावं, सुरुवातीला टोला. बघ ल्यूबेन, बघ — मशीन कुठे अडलं?

१३ मार्च
गेंचोकाकांच्या तुकड्याची कड ओढून पुढचा आवाज मोकळा केला. 'वाट बघत राहिलो.' श्वास. खुर्ची सरकली. देनित्सा आभार मानून बाहेर गेली, दार लागलं. कॉलरचा माइक काढायचा राहिलाय. मग त्यांच्या बायकोचा आवाज — "यंत्रावर कोण होतं ते का नाही सांगितलंस?"

"असेनची पोर ह्या सिनेमाचा आवाज करतेय. बाप प्यायलेला होता, खाली उतरलाच नाही, हे तिला कशाला?"

तीनदा ऐकलं.

तो एकच तुकडा आखूड आला असता तर मी त्याच दिवशी कारण विचारलं असतं. म्हणून त्याने सहाशेच्या सहाशे कापले.

सकाळपासून ल्यूबेनला फोन लावतेय. उचलत नाही.